सोलापुरात नवीन आलात? मोबाइलवरून जुनी वस्तू घेण्याआधी

मराठवाड्यातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी सोलापुरात येणाऱ्या आपल्या मंडळींना पहिल्या महिन्यातच कूलर, शेगडी, पलंग, पाण्याचे पिंप आणि जमल्यास एखादी दुचाकी लागते. हे सगळे नवे घेणे परवडत नाही, म्हणून बहुतेक जण मोबाइलवरच्या जाहिराती धुंडाळतात. त्यात गैर काहीच नाही. माझाही संसार बराचसा जुन्या सामानावरच उभा राहिला. परंतु दर उन्हाळ्यात नव्याने आलेल्यांपैकी कोणीतरी त्याच एका फसवणुकीला बळी पडतो, हे पाहून जीव हळहळतो.

ती फसवणूक नीट समजून घ्या. चालू बाजारभावाच्या निम्म्या किमतीत चांगल्या दुचाकीची जाहिरात दिसते. फोन केल्यावर समोरचा सांगतो की, मी सैन्यात आहे, बदली झाली म्हणून गाडी काढतो आहे. लगेच ओळखपत्राचा, कँटीन कार्डाचा आणि गणवेशातला फोटो येतो. सोलापुरात लष्कराची छावणी नाही, हे नवख्याला ठाऊक नसते. गाडी पाहायला येतो म्हटले की, आत बाहेरच्यांना सोडत नाहीत, गाडी लष्करी पार्सलने घरी पोहोचेल, असे उत्तर मिळते. मग बुकिंगचे दोन हजार मागितले जातात. ते दिले की गेटपासचे पाच हजार, तेही ‘परत मिळणारे’, आणि त्यानंतर विम्याचे किंवा जीएसटीचे काहीतरी निघते. जुळे सोलापुरात खोली घेऊन राहणाऱ्या उदगीरकडच्या एका मुलाने अशा रीतीने चार वेळा पैसे पाठवले. पहिली रक्कम गेल्याची शंका त्याला आली होती; तरीही ती बुडू नये म्हणून त्याने दुसरी पाठवली आणि दुसरीसाठी तिसरी. सर्वांत महागात पडते ती हीच चूक. एकदा चुकून पैसे गेले असतील, तर तेवढेच गेले असे समजून तिथेच थांबा. वस्तू डोळ्यांनी पाहून, चालवून बघितल्याशिवाय टोकन म्हणूनसुद्धा एक रुपया देऊ नका, मग समोरचा कितीही घाई करो.

पैसे मिळवण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. जुने सामान विकतानाही हे ध्यानात ठेवा.

आपल्या लोकांबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ‘मीही तुमच्याच भागातला’ असे कोणी म्हणाले की आपण विरघळतो, आणि फसलो तर लाजेपोटी खोलीतल्या सोबत्यालाही सांगत नाही, त्यामुळे पुढचा त्याच खड्ड्यात पडतो. याउलट सोलापूरचा माणूस बोलायला रोखठोक वाटला, तरी त्याच्याकडे खरोखर वस्तू असेल तर तो घरी बोलावतो आणि चालू करून दाखवतो.

कूलर पाहताना टाकीत पाणी भरून तो निदान अर्धा तास चालवायला लावा. पंप तिन्ही बाजूंच्या गवतावर सारखे पाणी चढवतो का, टाकीचा तळ गंजून पाझरतो का, हे वाकून बघा. कूलर पत्र्याचा असेल तर हात लावण्याआधी टेस्टर लावा, कारण जुन्या कूलरच्या अंगात करंट उतरलेला असू शकतो.

दुचाकीच्या आरसीवरचा, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरचा, चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहा. मालकाचे नाव, विमा आणि कर्जाचा बोजा सरकारच्या एमपरिवहन ॲपवर तपासा, आणि मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 व 30 वर विकणाऱ्याची सही घेतल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नका. सोलापूर सीमेजवळचे असल्यामुळे विजापूर, कलबुर्गीकडच्या केए (कर्नाटक) क्रमांकाच्या गाड्याही येथे विक्रीला येतात. अशा गाडीला मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो. हा खर्च धरला की स्वस्त वाटलेली गाडी बहुधा स्वस्त राहत नाही.

मोबाइल घेताना *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळवा, तो बिलाशी जुळवा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे, म्हणून बिल नसलेला फोन सोडून द्यावा.

तरीही पैसे गेलेच, तर गावी फोन करण्याआधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी समोरच्या खात्यातच रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. यूटीआर, म्हणजे पैसे पाठवल्याच्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, जाहिरातीचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा. रागाच्या भरात संभाषण पुसून टाकू नका. त्यानंतर आपल्या बँकेला कळवा आणि शहर पोलिसांच्या सायबर ठाण्यात जा. 1930 वर मिळालेला तक्रार क्रमांक सोबत न्या, कारण पुढची चौकशी त्यावरच होते.