मायच्या शेळ्या, मैनेची शीट आणि चहाची गाळणी

घरी अकरा शेळ्या. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला विषय सुचेना, तेव्हा सरांनी त्याच माझ्या गळ्यात बांधल्या: त्यांच्या लेंड्यांतली जंतांची अंडी मोजायची. बोरीकाठी, अमळनेर तालुक्यात आमचं गाव. मी पिशवीत लेंड्या भरताना पाहून माय म्हणाली, "तुले याड लागनं का व?" तिचं निदान तयार होतं: पाठीला (शेळीच्या मादी पिल्लाला) हगवण लागली ती गव्हाणीत उतरणाऱ्या मैनांमुळे. म्हणून मी मैनाही प्रोजेक्टमध्ये घेतल्या. यंदा हेच काम करणार असाल तर माझ्या चुका तरी तुम्ही करू नका.

पहिली चूक म्हणजे जमिनीवरची लेंडी. श्रावणातल्या उबदार ओलाव्यात जंतांची अंडी एखाद्या दिवसात फुटतात, शिवाय मातीतले मोकळे जगणारे कृमी लेंडीत शिरतात आणि मोजणीचा विचका होतो. हातमोजा घाला, बोटाला थोडं तेल लावा आणि थेट गुदद्वारातून सात-आठ लेंड्या काढा. छोट्या प्लॅस्टिक पिशवीत भरून हवा दाबून काढा, वर शेळीची खूण, तारीख, वेळ लिहा. मी "काळी" एवढंच लिहिलं होतं. आमच्याकडे काळ्या चार आहेत. नमुना त्याच दिवशी तपासता येत नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. आमच्या फ्रीजवरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. डबा वेगळा आणि झाकणाचा घ्या.

मिठाचं पाणी घरीच होतं. लिटरभर कोमट पाण्यात साधारण 400 ग्रॅम मीठ विरघळवायचं; तळाशी थोडं न विरघळता उरलं की पाणी तयार. 4 ग्रॅम लेंड्या 56 मिलीलिटर पाण्यात खलात घोटा, चहाच्या गाळणीतून गाळा (गाळणी नवी आणा, घरातली परत द्यायची नाही) आणि ढवळताढवळता ड्रॉपरने मॅकमास्टर काचेचे (अंडी मोजायच्या आखीव काचेचे) दोन्ही कप्पे भरा. ढवळणं थांबवलंत तर अंडी वर जातात आणि ड्रॉपरमध्ये नुसतं पाणी येतं. कप्पे भरल्यावर पाच मिनिटं काचेला हात लावू नका. अंडी हलकी असल्यामुळे वर तरंगतात आणि वरच्या रेषांच्या चौकटीत दिसतात. सूक्ष्मदर्शकाच्या 10च्या भिंगाखाली दोन्ही चौकटींतली अंडी मोजा, बेरजेला 50 ने गुणा. ही एक ग्रॅममधली संख्या.

पहिल्याच दिवशी मी हवेचे बुडबुडे कॉक्सिडियाच्या (आतड्यातल्या एकपेशीय परजीवीच्या) अंडपुटी म्हणून मोजले आणि सरांना हर्षभराने आकडा सांगितला. बुडबुड्याची कड जाड काळी असते आणि गोल अगदी कंपासने काढल्यासारखा. स्ट्राँगाइल या गोल जंतांच्या गटाचं अंडं लांबट, पातळ कवचाचं आणि आत पेशींचा द्राक्षांसारखा घोस. लिंबासारखं, दोन्ही टोकांना बूच असलेलं दिसलं तर ट्रायचुरिस, म्हणजे चाबूकजंत. स्ट्राँगाइल गटातली सगळी अंडी सारखीच दिसतात, पण आपल्याकडे पावसाळ्यात त्यांत धास्ती हिमोंकस या जंताची. हा रक्त पितो आणि मादी दिवसाला पाच हजारांहून जास्त अंडी घालते. शेळीच्या खालच्या पापणीची आतली बाजू उलटून बघा: गुलाबी असेल तर बरं, पांढुरकी असेल किंवा जबड्याखाली पाणी उतरलं असेल तर आकड्याची वाट न बघता पशुवैद्यकांकडे जा. यकृतातल्या पर्णकृमीची अंडी मात्र जड, मिठाच्या पाण्यात तरंगत नाहीत. पाटाच्या किंवा डबक्याच्या काठी चरणारी जनावरं असतील तर साध्या पाण्यात गाळ बसवून वेगळी तपासणी करावी लागते.

औषध दिलं म्हणजे काम झालं, असं गावात सगळे मानतात. मला वाटतं सगळ्यात उपयोगी तपासणी त्यानंतरची. समजा औषधाआधी आकडा 1,200 होता आणि 14 दिवसांनी त्याच शेळ्यांत 600 आला, तर घट फक्त 50 टक्के. ती 95 टक्क्यांच्या खाली राहिली तर जंत त्या औषधाला दाद देत नाहीत असा संशय घ्यावा. मात्र आधी शेळीच्या वजनाप्रमाणे डोस दिला होता का ते बघा. अंदाजाने बाटली ओतण्यात आपण पटाईत. गाभण शेळीला तर विचारल्याशिवाय काहीच देऊ नका.

आता मैना. पकडू नका, त्यासाठी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनविभागाची परवानगी लागते. बसायच्या जागेखाली कागद अंथरा. चिमणी-मैनेसारख्या पक्ष्यांतला आयसोस्पोरा नावाचा कॉक्सिडिया आपल्या अंडपुटी बहुतेक दुपारनंतर सोडतो, सकाळची शीट तपासून "काही नाही" म्हणू नका. मेलेला पक्षी दिसला तर हात लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. 2006 साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नवापूरच्या कोंबड्यांत सापडला होता.

शीट आणि लेंडी दोन्ही अडीच टक्के पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये उथळ ताटलीत, हवा लागेल अशी, दोन-चार दिवस ठेवा, म्हणजे अंडपुटी पिकतात. हे रसायन विषारी आहे, हातमोजे घालाच. नंतर अंडपुटीच्या आत डोकावा: शेळीच्या आयमेरियात (हाही कॉक्सिडियाच) चार छोट्या पुट्या, प्रत्येकीत दोन जीव. मैनेच्या आयसोस्पोरात दोनच पुट्या, प्रत्येकीत चार. आयमेरिया आपापला यजमान (ज्याच्या अंगात राहतो तो प्राणी) सहसा सोडत नाही, म्हणजे पाठीची हगवण आली ती शेळ्यांच्याच ओल्या, न झाडलेल्या गोठ्यातून.

मायला काचेत दाखवलं. तिने बराच वेळ डोळा लावून पाहिलं, गोठा कोरडा ठेवायला लागली. मैनांना मात्र अजून हाकलते, कारण त्या भरडा सांडतात.