लंडन ते पॅरिस: अंतर, उड्डाणाचा वेळ आणि हिशेब चुकण्याच्या जागा

लंडन ते पॅरिस सरळ हवाई अंतर ३४४ किलोमीटर. कुठे २१४ दिसलं तर ते मैल आहेत.

हा आकडा कागदावर काढता येतो. लंडन ५१.५१ अंश उत्तर, ०.१३ पश्चिम, पॅरिस ४८.८६ उत्तर, २.३५ पूर्व. अक्षांशांतला फरक २.६५, एका अंशाचे १११ किमी धरले तर २९४ किमी. रेखांशांची मात्र बेरीज करायची, कारण ग्रिनिचची शून्य रेषा मध्ये येते: २.४८. इथेच बहुतेकांचं गणित फसतं. शिवाय रेखांशाचा अंश उत्तरेकडे आकसत जातो. पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास तो जेमतेम ७१ किमीचा. म्हणजे १७६ किमी. आता शाळेतला पायथागोरस: २९४ आणि १७६ यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं की ३४३. एका किलोमीटरचा फरक चालतो. हजार किमीपेक्षा लांबच्या शहरांना ही युक्ती लावू नका, तिथे पृथ्वीची गोलाई आडवी येते.

वेळेचा ढोबळ नियम: अंतर भागिले ताशी ८००, अधिक चढण्या-उतरण्याची ३० मिनिटं. इथे २६ अधिक ३०, म्हणजे तास भरायला चार मिनिटं कमी. तिकिटावर मात्र सव्वा तास किंवा थोडा जास्तच असतो, कारण कंपनी गेट सोडल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतचा वेळ मोजते. हीथ्रोला धावपट्टीसाठी रांग लागते, पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर उतरल्यावर विमान बराच वेळ जमिनीवरच फिरत राहतं. परतताना हीथ्रोवर गर्दी असली तर आकाशात घिरट्या घालाव्या लागतात.

घड्याळ विसरू नका. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे, उन्हाळा असो की हिवाळा. दोन्हीकडचे काटे एकाच क्षणी बदलतात. सकाळी ९:०० ला निघालेलं विमान तिकिटावर ११:२० ला पोहोचतं, प्रवास १ तास २० मिनिटांचाच. परतीचं ११:०० ला निघून ११:२० ला पोहोचलेलं दिसतं. छपाईची चूक नाही ती.

खरा हिशेब दारापासून दारापर्यंतचा. शहरातून हीथ्रोला पाऊण ते एक तास, दोन तास आधी हजर, सव्वा तास विमान, पासपोर्ट नि सामानाला पाऊण तास, मग आरईआर बी या उपनगरी रेल्वेने शहरात अर्धा तास: साडेपाच तास सहज जातात. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून युरोस्टार ही वेगवान रेल्वे ४९२ किमी अंतर साधारण सव्वादोन तासांत कापून थेट पॅरिसच्या गार द्यू नोर स्टेशनला सोडते. तास-दीड तास आधी पोहोचावं लागतं, पण फ्रेंच पासपोर्ट तपासणी लंडनलाच उरकते. त्यामुळे पुढे तिसऱ्या शहराचं विमान पकडायचं नसेल तर रेल्वेच बरी. स्वस्त तिकिटावर ‘पॅरिस बोव्हे’ असेल तर सावध: तो विमानतळ शहरापासून सुमारे ८५ किमीवर आहे आणि बसला सव्वा तास लागतो.

भारतीय पासपोर्टवर दोन वेगळे व्हिसा लागतात, ब्रिटनचा आणि शेंगेनचा (फ्रान्ससह युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक व्हिसा). पॅरिसहून लंडनला जाऊन पुन्हा पॅरिसला यायचं असेल तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. एकदाच प्रवेशाचा असेल तर परतीच्या विमानात बसूच देत नाहीत.