सिंगॅसचा कॅटॅलिस्ट ट्यूबमध्ये का फुटतो? या चुका टाळा

सांगली-सातारा पट्ट्यात साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या भरपूर. स्पेंट वॉश (डिस्टिलरीचं सांडपाणी) आणि प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) यांचा बायोगॅस हाताशी असल्यावर कराड-सांगलीच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना किंवा कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या उद्योजकाला ‘यापासून सिंगॅस करू’ असं वाटणं साहजिक आहे. सिंगॅस म्हणजे हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचं मिश्रण. पुढे त्यातूनच मिथेनॉल, अमोनिया किंवा शुद्ध हायड्रोजन मिळतो. बायोगॅसमधल्या मिथेनपासून सिंगॅस घडवून आणतो निकेलचा कॅटॅलिस्ट, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ. त्याच्या रसायनावर सगळे मेहनत घेतात, अंगकाठीकडे मात्र फार कमी जण बघतात.

पावडरच्या निकालावर विसंबणं

प्रयोगशाळेत निकेल-ॲल्युमिनाची (ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड) बारीक पावडर छान रूपांतर देते. मग ‘आता हिच्या गोळ्या पाडू’ असं ठरतं आणि तिथेच घोळ होतो. मिथेन आणि वाफेची अभिक्रिया उष्णता खाते, प्रति मोल २०६ किलोज्यूल. रिफॉर्मरच्या (ज्या भट्टीत ही अभिक्रिया घडवतात तिच्या) ट्यूबमध्ये ती ८०० ते ९०० अंश सेल्सिअसला इतकी वेगाने होते की मिथेन गोळीच्या पोटात पोचण्याआधीच संपतो. गोळीचा बाहेरचा पातळ थरच काय तो कामाला येतो, आतलं महागडं निकेल नुसतं पडून राहतं. म्हणून कारखान्यांत चार, सात किंवा दहा भोकांच्या रिंग वापरतात. बाहेरचा पृष्ठभाग वाढतो, दाबघट (ट्यूबमधून जाताना गॅसचा दाब जितका घटतो ती) कमी राहते, ट्यूबच्या भिंतीची उष्णता आत नीट पोचते.

पण भोकं वाढवायचा मोह आवरा. दोन भोकांमधली भिंत जितकी पातळ, तितकी गोळी ठिसूळ. आकार ठरवताना आधी ताकद, मग पृष्ठभाग, असा क्रम मी तरी धरीन.

ताकदीची सरासरी काढून मोकळं होणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ट्यूब पोलादाची, गोळी सिरॅमिकची. तापल्यावर पोलाद सिरॅमिकच्या दुपटीहून जास्त फुगतं. १२ मीटरची ट्यूब ८५० अंशांना अंदाजे १८ सेंटीमीटरने लांबते आणि १० सेंटीमीटरचा आतला व्यास दीड मिलिमीटरच्या आसपास वाढतो. मोकळी जागा झाली की गोळ्या खाली सरकून बसतात. प्लँट बंद पडला की ट्यूब आक्रसते आणि गोळ्यांना आवळते. त्यांना आता वर सरकायला वाव नसतो. प्रत्येक बंद-चालूला हेच. ज्या गोळ्या कमजोर, त्या पहिल्यांदा फुटतात. त्यांचा चुरा खालच्या फटींत जातो आणि ट्यूब तुंबते.

म्हणून सरासरी ताकद फसवते. शंभरातल्या पाच गोळ्या अर्ध्या ताकदीच्या असल्या तरी सरासरी फारशी हलत नाही, पण ट्यूब तुंबवायला त्या पाच पुरतात. किमान पन्नास गोळ्या एकेक करून आडव्या दाबून फोडा, सगळे आकडे चढत्या क्रमाने मांडा आणि तळाचे आकडे बघा. हीच चाचणी ताज्या गोळ्यांवर तर कराच; शिवाय वाफेत तापवून, हायड्रोजनमध्ये रिड्यूस करून (निकेल ऑक्साइडचं निकेल धातू करून) झालेल्या गोळ्यांवरही करा. कित्येक कॅटॅलिस्ट ताजे असताना दगडासारखे असतात आणि रिडक्शननंतर निम्मी ताकद गमावतात.

फुटलेली गोळी टाकून देऊ नका, तिच्याकडे नीट बघा. वरची चकती टोपीसारखी सुटून आली असेल, तर टॅब्लेट प्रेसमध्ये पावडरीतली हवा अडकली होती: प्रेसचा वेग कमी करा, पावडरचे दाणे नीट करा. पोटात काळा-करडा ठिपका दिसला, तर वंगणासाठी घातलेलं ग्राफाइट भाजताना पूर्ण जळलेलं नाही. पोट निळसर असेल, तर निकेल ॲल्युमिनाशी जुळून स्पिनेल नावाचं संयुग झालंय. ते रिड्यूस करायला फार जास्त तापमान लागतं, म्हणजे भाजणी गरजेपेक्षा कडक झाली.

वाळवण्यात घाई

कृष्णाकाठचे वीटभट्टीवाले कच्ची वीट सरळ भट्टीत घालत नाहीत. ओल हळूहळू निघू देतात. एक्स्ट्रूडरमधून (ओलं पीठ साच्यातून दाबून काढणाऱ्या यंत्रातून) निघालेल्या ओल्या रिंगांनाही तेच लागू. बाहेरचा थर आधी आक्रसला आणि आत ओल राहिली की केसासारख्या चिरा पडतात, आणि त्या भाजल्यानंतरच दिसतात. पावसाळ्यात इथल्या हवेत ॲल्युमिना आणि निकेल नायट्रेट दोन्ही ओलावा धरतात, म्हणून पिठातलं पाणी रोज मोजा, ‘काल इतकंच घातलं होतं’ यावर जाऊ नका. भाजताना मिनिटाला एक-दोन अंशांपेक्षा वेग नको. निकेल नायट्रेट भाजताना तपकिरी विषारी वायू निघतो. भट्टीला धुराडं आणि स्क्रबर (वायू धुऊन काढणारं यंत्र) हवाच.

आधार चुकीचा निवडणं

आधार म्हणजे निकेल ज्यावर बसवतात तो पदार्थ. गॅमा या रूपातल्या ॲल्युमिनाचा पृष्ठभाग मोठा, म्हणून तो मोहात पाडतो. पण खूप तापल्यावर तो अल्फा या दुसऱ्या रूपात जातो, आकसतो आणि निकेलचे कण एकमेकांत मिसळतात. मॅग्नेशियम ॲल्युमिनेट, कॅल्शियम ॲल्युमिनेट किंवा आधीच अल्फा केलेला ॲल्युमिना हे टिकाऊ पर्याय. सिलिका टाळा: गरम, दाबातल्या वाफेत ती उडून जाते आणि पुढच्या बॉयलरमध्ये साठते. मोकळं मॅग्नेशिया राहिलं, तर कमी तापमानाच्या वाफेत ते पाणी घेऊन सुमारे दुप्पट फुगतं आणि गोळी आतून फुटते. त्यामुळे बेड तापण्याआधी वाफ सोडू नका.

गंधक आणि काजळी

बायोगॅस वापरणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. स्पेंट वॉशच्या बायोगॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड काही टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि निकेलला तर गंधकाचा अंशही सोसत नाही. आधी स्क्रबर, मग शेवटच्या सफाईला ३५०-४०० अंशांवर झिंक ऑक्साइडचा बेड, हा क्रम मोडू नका. वाफ आणि कार्बनचं प्रमाण तीनच्या आसपास ठेवा. पैसे वाचवायला वाफ कमी केली की काजळी धरते, बायोगॅसमध्ये तर लवकर.

लक्षणांवरून कारण ओळखता येतं. बंद-चालू झाल्यावर लगेच दाबघट वाढली, तर गोळ्या फुटल्या आहेत. ती हळूहळू वाढत गेली आणि वाफ कमी केल्याची नोंद असेल, तर काजळी. दाबघट जैसे थे, पण बाहेर मिथेन जास्त येतोय आणि ट्यूबचा वरचा भाग लाल दिसतोय, तर आधी गंधकाचा संशय घ्या.

भरताना आणि उघडताना

गोळ्या वरून ओतू नका, कापडी पिशवीने तळाशी अलगद सोडा. भरल्यावर प्रत्येक ट्यूबची दाबघट मोजा. एखादी सरासरीपासून पाच टक्क्यांहून जास्त हटली, तर ती रिकामी करून पुन्हा भरा. ट्यूब उघडण्याआधी थंड होताना तापमान २०० अंशांखाली गेलं की आत कार्बन मोनॉक्साइडचा अंशही राहू नये, नाहीतर निकेल कार्बोनिल हा अतिविषारी वायू तयार होतो. नायट्रोजनने झाडून घ्या. रिड्यूस झालेलं निकेल हवेत पेट घेऊ शकतं, म्हणून हवा थोडी-थोडी, तापमान बघत सोडा. निघालेला वापरलेला कॅटॅलिस्ट २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार घातक कचरा ठरतो. तो उकिरड्यावर नाही, प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या रिसायकलरकडेच द्या.