ट्रायला मत पाठवताय? पेपर शेवटून उघडा

ट्राय म्हणजे देशातली टेलिकॉम नियामक संस्था. नियम करण्याआधी लोकांची मतं मागवायला ती जो दस्तऐवज काढते, तो कन्सल्टेशन पेपर. तो पहिल्या पानापासून वाचायला घेतलात तर दमून जाल. आधी शेवटचं प्रकरण काढा. तिथे क्रमांक घातलेले प्रश्न असतात. उत्तरं त्यांचीच द्यायची. एवढी साधी गोष्ट, पण नवखे हमखास इथेच आपटतात.

डिसेंबर 2015 चा, डेटाच्या भेदभावी दरांवरचा पेपर बघा. प्रश्न चारच. पहिलाच विचारत होता: वेगवेगळ्या वेबसाइट आणि अ‍ॅपसाठी कंपन्यांना वेगवेगळे दर लावू द्यावेत का? तरी ‘फ्री बेसिक्स (निवडक वेबसाइट फुकट देणारी फेसबुकची योजना) हवं’ अशी फेसबुकवरून निघालेली लाखो साचेबंद पत्रं ट्रायकडे गेली. प्रश्नांना उत्तर त्यांत नव्हतंच. लोकांना नेमकी उत्तरं द्यायला सांगा, असं ट्रायने फेसबुकला कळवलं. अखेर 8 फेब्रुवारी 2016 ला असे दर बंद झाले. मोडणाऱ्याला दिवसाला 50 हजार, जास्तीत जास्त 50 लाख रुपये दंड. ढीग मोठा म्हणून वजन जास्त, असं इथे नसतं.

म्हणून तयार मजकूर चिकटवू नका. समजून घ्यायला वापरा, हरकत नाही.

प्रश्नाचा क्रमांक लिहा, पहिल्याच वाक्यात हो किंवा नाही सांगा, मग कारण आणि एक पुरावा. रिचार्ज प्लॅनचा स्क्रीनशॉट जोडलात तर किंमत, मुदत आणि तारीख दिसू द्या. ‘परवानगी दिल्यास कोणत्या अटी?’ हा पुढचा प्रश्न, आधी ‘नाही’ म्हटलंय म्हणून कोरा सोडू नका. परवानगी मिळालीच तर तुमच्या बाजूची एकही अट नोंदीत नसेल. सगळ्या प्रश्नांवर मत असायलाच हवं असं मात्र नाही. दोनच जमले तर दोनच पाठवा. इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी घाबरू नका, मुद्दा कळला म्हणजे झालं.

पत्रात फोन नंबर, घरचा पत्ता नको. एप्रिल 2015 मध्ये ट्रायने आलेली मतं प्रसिद्ध केली, तेव्हा दहा लाखांहून जास्त लोकांचे ईमेल पत्ते उघडे पडले होते. यासाठी वेगळा ईमेल काढलेला बरा.

मुदत संपली की बहुतेक जण विसरून जातात. खरी मजा तर पुढेच, प्रतिमतांच्या फेरीत, म्हणजे इतरांच्या मतांना उत्तर द्यायच्या फेरीत. कंपन्यांची उत्तरं साइटवर आलेली असतात. त्यांतला एक परिच्छेद पकडा, पान क्रमांक द्या आणि तेवढंच खोडा. या फेरीला वेळ कमी मिळतो, तारीख आधीच लिहून ठेवा.

मेंटॉर शोधण्यात महिने घालवू नका. जुन्या नियमावलीला जोडलेलं स्पष्टीकरण वाचा. कोणता युक्तिवाद चालला, कोणता पडला आणि का, ते ट्रायनेच त्यात लिहिलेलं असतं.