बर्फ, पाणी, वाफ: एकाच शेगडीवर तिन्ही अवस्थांची तुलना कशी करावी

बर्फाला स्वतःचा आकार असतो, पाणी भांड्याचा आकार घेते, वाफ मिळेल तेवढी जागा व्यापते, हे पाठ असतेच. खरा फरक कळतो तो तापमापक आणि घड्याळ घेऊन बसल्यावर.

साहित्य: 300 ग्रॅम बर्फ, पातळ बुडाचे भांडे, 110 अंश सेल्सिअसपर्यंतचा तापमापक, वजनकाटा.

1. बर्फ बारीक कुटा आणि पाणी सुटू लागेपर्यंत बाहेर ठेवा. फ्रीजरमधला बर्फ साधारण उणे 18 अंशांवर असतो; तो तसाच घेतला तर 0 पर्यंत येण्यातच वेळ जातो आणि हिशोब चुकतो. सुटलेले पाणी ओतून टाका, मग भांड्यासकट वजन करा.

2. मध्यम आचेवर ठेवा. शेवटपर्यंत आच बदलू नका, झाकण ठेवू नका आणि बर्फ संपेपर्यंत ढवळत राहा. बर्फ आहे तोवर आकडा 0 च्या आसपासच राहतो. आधीच 5-6 अंश दिसले तर ढवळणे कमी पडते आहे किंवा तापमापक बुडाला टेकला आहे.

3. शेवटचा खडा वितळला की वेळ लिहा, खळखळून उकळी आली की पुन्हा लिहा. आता आकडा 100 पाशी अडकतो. समुद्रसपाटीपासून दर 300 मीटर उंचीला तो सुमारे 1 अंशाने खाली येतो, तेव्हा 98 दिसले म्हणून तापमापकाला दोष देऊ नका.

4. पाणी तापायला जितका वेळ लागला, तितकाच वेळ उकळू द्या आणि पुन्हा वजन करा.

1 ग्रॅम बर्फ वितळायला 80 कॅलरी लागतात, ते पाणी 0 वरून 100 वर न्यायला 100 आणि त्याची वाफ करायला तब्बल 540. म्हणजे वितळायला 4 मिनिटे लागली तर तापायला 5 आणि सगळे आटायला 27! म्हणूनच चौथ्या पायरीनंतरही घट फक्त 55 ग्रॅमच्या आसपास येते. बरीच उष्णता हवेत निसटत असल्याने नेमका आकडा जुळणार नाही, प्रमाण मात्र दिसते. आकडा अडकलेला असताना शोषली जाणारी ही उष्णता म्हणजेच अप्रकट उष्मा.

जागेचा फरक याहून मोठा. 1 ग्रॅम पाणी 1 मिलिलिटर, बर्फ 1.09 मिलिलिटर, 100 अंशांची वाफ मात्र सुमारे 1,670 मिलिलिटर. (काठोकाठ भरलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये तडकते ती त्या 0.09 मुळे.)

वाफ पाहायची तर उकळत्या किटलीच्या तोटीलगत पाहा. तिथे काहीच दिसत नाही, आणि तीच वाफ. पुढचा पांढरा लोट म्हणजे गार होऊन बनलेले पाण्याचे थेंब. त्या रिकाम्या जागेत बोट घालू नका: वाफेचे पाणी होताना ग्रॅममागे त्याच 540 कॅलरी कातडीवर उतरतात.