घोड्यावरून सोंग-कुलला जायचंय? मग तयारी कोल्हापुरातच सुरू करा

मागच्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघं किरगिझस्तानात घोड्यावरून सोंग-कुल तलावाला जाऊन आलो, तेव्हापासून तालमीतली, ऑफिसातली, पाहुण्यातली माणसं विचारतायत की कसं जायचं, घोडा येत नसला तर चालतंय का, खायचं काय. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

आधी मांड्या. दिवसाला पाच-सहा तास खोगिरावर बसायचं असतंय आणि रंकाळ्यावर पोरं मारतात तसली फेरी मारून त्याची सवय होत नाही. दोन महिने आधी बैठका सुरू करा, रोज, आणि रविवारी पन्हाळा चढून उतरा. जमलं तर घोडेस्वारी शिकवणाऱ्याकडं आठ-दहा तास तरी घ्या, कारण मांड बसली की मग डोंगराकडं बघायला मन मोकळं राहतंय, नाहीतर तिन्ही दिवस नजर घोड्याच्या कानावरच. अजिबात न येणारी माणसंपण जातात, तिथले घोडे डोंगराला सरावलेले आणि शांत असतात, पण शिकून गेलेला आणि न शिकता गेलेला यातला फरक दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना कळतोय.

कधी जायचं तर जूनचा शेवट ते सप्टेंबरची सुरुवात. त्याच दिवसात मेंढपाळ जनावरं घेऊन वरच्या कुरणावर असतात, त्याला ते जायलो म्हणतात. आपल्याकडं धनगर बिऱ्हाड घोड्यावर लादून मेंढरांमागं फिरतात ना, तसंच, फक्त हे उन्हाळ्यात वर चढतात आणि थंडी लागली की खाली गावात येतात. आणि हे नीट लक्षात घ्या, जायलो म्हणजे हॉटेल नव्हे, ऐन कामाच्या दिवसातलं त्यांचं घर आहे. सकाळी दूध काढायची गडबड असते तेव्हा मध्ये उभं राहून फोटो काढू नका, विचारून काढा, कोण नाही म्हणत नाही.

वाट अशी. दिल्लीवरून बिश्केक विमानानं तीन-साडेतीन तास. व्हिसा आधी काढायचा, नियम बदलत असतात म्हणून एजंटच्या तोंडावर न जाता सरकारी साइटवर स्वतः बघा. बिश्केकवरून शेअर टॅक्सीनं कोचकोर, साधारण चार तास. पैसे बिश्केक नाहीतर कोचकोरलाच काढून घ्या, वर फक्त रोख सोम, म्हणजे तिथलं चलन, चालतात, आणि सोम गेली काही वर्षं जवळपास रुपयाएवढाच आहे त्यामुळं हिशोब सोपा. कोचकोरला गावकऱ्यांनी मिळून चालवलेल्या पर्यटन संस्थेचं ऑफिस आहे, घोडा, गाइड, मुक्काम सगळं तिथं ठरतंय. पुढं गाडीनं किझार्ट गाव आणि तिथून घोडे. पहिला मुक्काम किलेमचेच्या कुरणावर, दुसऱ्या दिवशी खिंड ओलांडून तलाव, तिसऱ्या दिवशी परत. माझं ऐकाल तर तलावावर एक दिवस जास्तीचा ठेवा आणि दुसरं काहीतरी कापा, आम्ही ठेवला नव्हता आणि अजून हळहळ वाटते.

उंचीचं हलक्यात घेऊ नका. कळसूबाई १६४६ मीटर, आणि सोंग-कुल ३०१६. वाटेतली खिंड त्याच्याही वर. आमच्यातल्या एकाचं डोकं संध्याकाळी असं धरलं की जेवण गेलं नाही. म्हणून कोचकोरला एक रात्र थांबूनच वर जा, पाणी पीत रहा, गोळ्या वगैरे डॉक्टरांना विचारूनच. आणि ऑगस्टातपण रात्री हात गोठतात. स्वेटर, कानटोपी, हातमोजे, रेनकोट लागणारच. रेनकोट मात्र घोड्यावर बसल्या बसल्या फडफडवत घालायचा नाही, घोडा बुजतो. उतरून घाला.

बूट घोट्यापर्यंतचे पण तळ जास्त खडबडीत नको, रिकिबीत अडकतो. पाय चवड्यापर्यंतच आत घालायचा आणि टाच खाली, म्हणजे पडलात तरी पाय सुटतो. पॅन्टच्या आत सायकलवाल्यांची पॅडवाली चड्डी घाला, आयुष्यभर माझं नाव काढाल. चढायचं डाव्या बाजूनं, मागून घोड्याजवळ जायचं नाही. लगाम एका हातात, वळवायचं त्या बाजूला हात न्यायचा. चालवायला "चू!" म्हणायचं. चढाला पुढं वाका, उताराला मागं रेला. कामची म्हणून छोटा चाबूक देतात, तो नुसता हातात असला तरी घोड्याला समजतंय, मारायची गरज पडत नाही. दौडवायचं गाइड म्हणेल तेव्हाच, कारण गवतात बिळं असतात. वजन शंभर किलोच्या आसपास असेल तर बुकिंगलाच सांगा, लाजू नका, त्या जनावराचा प्रश्न आहे.

सामान मागं टाकलेल्या दुपाखी पिशवीत जातं आणि तिला ते म्हणतात कुर्जुन. आपल्या जुन्या मराठीतली खुर्जी! मला तिथं अंगावर काटा आला, कुठं ते आणि कुठं आपण.

राहायचं बोझ-उयमध्ये, म्हणजे लाकडी सांगाडा आणि वरून लोकर दाबून केलेल्या जाड नमद्याचं घर. नमदा म्हणजे आपल्याकडं अंथरायला असतं त्या लोकरीच्या जेनासारखाच. छताच्या गोल झरोक्याला तुंदुक म्हणतात, तोच त्यांच्या झेंड्यावर आहे. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही, आपल्या घरातलाच नियम. दारासमोरची आतली जागा मानाची, तिथं स्वतःहून जाऊन बसू नका, ते बसवतील. भाकरी, म्हणजे त्यांचा नान, उलटा ठेवायचा नाही. तलावाकाठी झाड नाही एकपण, त्यामुळं शेगडीत वाळलेलं शेण जळतं, आपल्या शेणीच. संडास लांब, खड्ड्याचा, बॅटरी उशाशी ठेवा. आंघोळ विसरा.

खाणं. मटण भरपूर पण मसाला नाही, तांबड्या रश्शाची जीभ दुसऱ्या दिवशी कासावीस होते, म्हणून कोरडी चटणी पिशवीत असू द्या. घोड्याचं मांसपण खातात, चालत नसेल तर आधीच सांगा. शाकाहारी असाल तर बुकिंगलाच सांगा आणि वर गेल्यावर परत सांगा, कारण भाजीच्या सुपातपण मटणाचं पाणी असू शकतं. नान, घट्ट साय, जॅम, बटाटे यावर दिवस निघतात, सोबत भडंग आणि मेतकूट न्या.

आणि कुमिस. घोडीचं दूध आंबवून, घुसळून केलेलं, आंबट, थोडं धुरकट. घोडी एका वेळी थोडंच दूध देते म्हणून दिवसातून बऱ्याच वेळा काढावं लागतं आणि शिंगरू जवळ बांधलेलं असतं. त्यात थोडा अल्कोहोल असतो, ज्यांना चालत नाही त्यांनी हात छातीवर ठेवून नम्रपणे नको म्हणावं. बाकीच्यांनी पहिल्या दिवशी अर्धीच वाटी, पोटाला सवय नसते.

भेट म्हणून आम्ही गूळ नेला होता. घरच्या आजींनी खडा तोंडात टाकला, वर चहाचा घोट घेतला आणि उरलेली ढेप उठून पेटीत कुलपात ठेवली. पुढच्या वेळी मी दोन किलो नेणार आहे. निघताना गाइडला बक्षिसी वेगळी द्या, हातात, आणि "रहमत" म्हणा. घोड्याच्या मानेवरूनपण एकदा हात फिरवा, तीन दिवस त्यानंच तुम्हाला वाहिलेलं असतंय.