बालरुग्ण अतिदक्षता विभागात आईवडिलांना आधार देताना

अतिदक्षता विभागात पहिल्यांदा येणाऱ्या आईला मुलाच्या आधी यंत्रे दिसतात, म्हणून परिचारिकेचे काम दाराबाहेरच सुरू होते. तिला आत नेण्यापूर्वी दोन मिनिटे बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगावे, की बाळाच्या तोंडात श्वासाच्या यंत्राची नळी आहे आणि त्या नळीमुळे ते रडले तरी आवाज येणार नाही. सलाईनची सुई हलू नये म्हणून हात पट्टीला बांधला आहे. चेहरा थोडा सुजलेला दिसेल. झोपेचे किंवा स्नायू सैल करणारे औषध चालू असेल तर तेही आधीच सांगावे, कारण हाक मारूनही मूल हलले नाही की आई नको तो अर्थ काढते.

आत आल्यावर हात धुऊन झाले, की तिला खुर्ची द्यावी आणि स्वतःही शेजारी बसावे. मॉनिटरवरचे आकडे एकदा नीट समजावून द्यावेत. मोठ्या माणसाचे ठोके मिनिटाला 72 च्या आसपास असतात हे अनेकांना ठाऊक असते, त्यामुळे नवजात बाळाचे 140 दिसले की वडील घाबरतात. नवजात बाळाचे ठोके साधारण 120 ते 160 असतात, एवढे एक वाक्य त्यांना पुरते. पायाला लावलेला सेन्सर सरकला तरी अलार्म वाजतो, हेही सांगावे. मात्र अलार्म वाजताच आपण न बोलता धावलो, तर हे सारे समजावणे वाया जाते. बाळाकडे पाहून हात चालू असतानाच ‘सेन्सर निघाला होता, लावला’ किंवा ‘ऑक्सिजन थोडा कमी झालाय, मी बघते आहे’ असे जे असेल ते मोठ्याने सांगण्याची सवय लावून घ्यावी.

मुलासाठी करण्यासारखे आपल्या हाती काहीच उरले नाही, ही भावना आईवडिलांना सर्वांत जास्त पोखरते. अमेरिकेतील परिचर्या-संशोधक मार्गारेट माइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये नवजात अतिदक्षता विभागातील पालकांचा ताण मोजण्यासाठी जी प्रश्नावली तयार केली, तिच्या आधारे झालेल्या अनेक अभ्यासांत आईबाप म्हणून असलेली भूमिका हिरावली गेल्याचा ताण यंत्रे आणि आवाज यांच्या ताणापेक्षा अधिक आढळला आहे. म्हणून धीराच्या शब्दांच्या आधी त्यांच्या हाती काम द्यावे. डायपर बदलणे, ओठांना ओला कापूस लावणे, कूस बदलताना डोके धरणे, ही कामे आपल्या देखरेखीखाली त्यांना करता येतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाला बोटांनी कुरवाळले तर ते दचकते; एक तळवा डोक्यावर आणि दुसरा पावलांवर स्थिर ठेवायचा, हे आईचे हात धरून दाखवावे. बाळाची प्रकृती झेपण्याजोगी असेल आणि डॉक्टरांची संमती असेल, तर बाळाला आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर ठेवावे. या कांगारू पद्धतीची सुरुवात 1978 मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात झाली, आणि आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही 2017 मध्ये नवजात शिशूंच्या शुश्रूषेत कुटुंबाला सामील करून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. तरीही ‘पालकांची गर्दी नको’ हे वाक्य वॉर्डात सहज निघते, याचे मला फार वाईट वाटते.

बाळाच्या खाटेवर बहुधा आईच्याच नावाची चिठ्ठी असते. बारसे व्हायचे असले तरी घरी कोणत्या नावाने हाक मारायची ठरले आहे ते विचारावे आणि त्याच नावाने बाळाशी बोलावे. आजीने दिलेला अंगारा किंवा काळा दोरा पाहून कपाळाला आठ्या घालू नयेत. अंगाला न लावता, स्वच्छ पिशवीत बंद करून तो खाटेला अडकवता येतो, आणि असे का करायचे हेही आजींना नम्रपणे सांगता येते.

वडिलांकडे फारसे कोणी बघत नाही. ते औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिन्यावरून ये-जा करत असतात आणि पैशांची काळजी बायकोपासून लपवत असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाकडे, एरवी वैद्यकीय समाजसेवकाकडे, त्यांना पहिल्याच दिवशी पाठवावे. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात, हे अनेकांना बिल हातात पडेपर्यंत माहीत नसते.

डॉक्टर पालकांशी बोलतात तेव्हा शक्यतो तिथे हजर राहावे, कारण ते निघून गेल्यावर खरे प्रश्न आपल्याला विचारले जातात. अशा वेळी लगेच समजावायला न लागता ‘ताई, डॉक्टरांनी सांगितले त्यातले तुम्हाला काय समजले?’ असे आधी विचारावे, म्हणजे गाठ नेमकी कुठे पडली आहे ते कळते. ‘सगळे ठीक होईल’ असे कधीही म्हणू नये. ते आपल्या हातात नसते आणि खोटे ठरले तर पुढचा आपला एकही शब्द खरा वाटत नाही. ‘आज रात्रभर मी याच्याजवळ आहे, काही बदल झाला तर तुम्हाला लगेच बोलावीन’ हे वचन मात्र देता येते, आणि ते पाळावे.

मूल वाचणार नाही असे स्पष्ट झाले असेल, तर पडदा ओढून, डॉक्टरांशी बोलून ज्या नळ्या काढता येतील त्या काढून, मूल आईच्या मांडीवर द्यावे आणि घाई करू नये. ‘देवाची इच्छा’, ‘अजून वय आहे तुमचे’ ही वाक्ये टाळावीत. गप्प बसणे चालते. आंघोळ घालायची किंवा घरचा कपडा घालायचा असेल तर विचारावे, आणि मनगटावरची नावाची पट्टी हवी असेल तर नियमांत बसते का ते पाहून द्यावी.

ड्युटी बदलताना औषधांबरोबरच पालकांना आज काय सांगितले, ते कशाने घाबरले आहेत आणि बाळाला कोणत्या नावाने हाक मारतात, हेही पुढच्या सिस्टरच्या कानावर घालावे, आणि शक्य असेल तर खाटेशी जाऊन तिची आणि आईची ओळख करून द्यावी.